शेवटच्या पानाची शेवटची ओळ : वऱ्हाडातलं वर्तमानपत्र नेमकं कधी सुरू झालं?

पेट परीक्षा झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय. अशा वेळी इतिहासाचे किंवा मराठीचे बरेच विद्यार्थी एक विषय हमखास घेऊन येतात : 'आमच्या जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांचा इतिहास'. विषय चांगलाच आहे. अडचण पहिल्या प्रकरणात येते. तिथे नावांची आणि सालांची यादी तयार होते. अमुक पत्र अमुक साली निघालं, तमुक साली बंद पडलं. व्हायवाला बाहेरचे परीक्षक विचारतात, "सुरू झालं म्हणजे काय झालं?" आणि आपण गप्प.

आज हाच प्रश्न अकोला-अमरावतीच्या संदर्भात बघू या.

आधी एक ओळखीचं उदाहरण. 'लोकमत' कधी सुरू झालं? बापूजी अणे यांनी यवतमाळला १९१८ मध्ये या नावाचं साप्ताहिक काढलं. पुढे ते बंद पडलं. जवाहरलाल दर्डा यांनी १९५२ मध्ये तेच नाव घेऊन यवतमाळलाच साप्ताहिक पुन्हा सुरू केलं. १९७१ च्या डिसेंबरात नागपूरहून ते दैनिक म्हणून निघालं. मग खरं साल कोणतं? तिन्ही खरी आहेत. टिळकांच्या राजकारणाचा वऱ्हाडावरचा परिणाम तपासायचा असेल तर १९१८. स्वातंत्र्यानंतर जिल्ह्याच्या ठिकाणचा काँग्रेस कार्यकर्ता पत्र का काढतो हे विचारायचं असेल तर १९५२. विदर्भातला दैनिकांचा धंदा कसा वाढला हे बघायचं असेल तर १९७१. थोडक्यात, 'सुरुवात' कोणती ते तुमच्या प्रश्नावर ठरतं. म्हणून आधी प्रश्न ठरवा, साल नंतर.

आता मागे जाऊ. १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अकोल्याला 'वऱ्हाड समाचार' निघालं. तेव्हाच का? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसाला अचानक भाव आला होता. मुंबईहून येणारी रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. रेल्वेबरोबर तार आली, टपाल वेळेवर येऊ लागलं, कापसाचे व्यापारी आले, कचेऱ्या आल्या, वकील आले. छापायला खिळे लागतात. जावजी दादाजींनी मुंबईत खिळे ओतण्याचा कारखाना १८६४ मध्ये काढला होता, आणि मुंबई आता रेल्वेने जोडलेली होती. वाचणारा, छापण्याचं सामान आणि अंक पोचवणारी टपालगाडी या तीन गोष्टी एका गावात जमल्या की साप्ताहिक निघू शकतं. व्ही. पी. टपालाची सोय १८७७ मध्ये आली, आणि बाहेरगावच्या वर्गणीदाराकडून पैसे वसूल करायला पत्रांना एक नवं साधन मिळालं. नुसत्या वर्गणीवर पत्र चालवणं कठीणच. म्हणून कोर्टाच्या नोटिसा, जाहिराती आणि छापखान्यातलं इतर काम यांचा आधार लागायचा. लहान गावात पत्राचा अभ्यास करायचा म्हणजे छापखान्याचाही अभ्यास करायचा, हे लक्षात ठेवा.

आता शीर्षकातली ओळ. जुन्या अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले. ही ओळ आपण वाचतच नाही. ती तिथे आहे ती १८६७ च्या २५ व्या कायद्यामुळे. त्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण घालणं सक्तीचं केलं. पत्र काढणाऱ्या मुद्रकाला आणि प्रकाशकाला मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन घोषणापत्र द्यावं लागे. मुद्रक बदलला, जागा बदलली, की नवं घोषणापत्र. म्हणजे अंक हाती लागले नाहीत तरी पत्राचा जन्म, स्थलांतर आणि मालकीतले बदल सरकारी कागदावर उमटत गेले.

इथे एक बारकावा आहे, आणि त्यात बरेच जण अडकतात. या ओळीत संपादकाचं नाव छापण्याची सक्ती १९२२ च्या दुरुस्तीने आली. त्याआधीच्या अंकात जे नाव दिसतं ते मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं असू शकतं, लिहिणारा माणूस वेगळाच असू शकतो. तळाचं नाव उचलून 'संपादक' म्हणून प्रबंधात टाकू नका. दुसऱ्या साधनातून खात्री करा.

तो कागद शोधायचा कुठे? वऱ्हाडचं हेच तर वेगळेपण आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आलं, पण मालकी निजामाचीच राहिली. कारभार चालायचा हैदराबादच्या रेसिडेंटकडून. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागत नसत, वेगळ्या आदेशाने लागू करावे लागत. १९०२ च्या कराराने वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलं गेलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. म्हणजे 'वऱ्हाड समाचार' किंवा अमरावतीचं 'प्रमोदसिंधु' यांच्या सुरुवातीच्या काळाचा सरकारी कागद हैदराबाद रेसिडेन्सीच्या आणि परराष्ट्र खात्याच्या दप्तरात शोधायचा, आणि १९०३ नंतरचा नागपूरकडे, मध्य प्रांताच्या दप्तरात. नागपूरच्या विदर्भ अभिलेखागारात १८८० ची फाइल मिळाली नाही म्हणून 'साधने उपलब्ध नाहीत' असं लिहून मोकळे होऊ नका. दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार अजून बाकी आहे.

दुसरं मोठं साधन म्हणजे देशी वृत्तपत्रांवरचे सरकारी अहवाल. सरकारचे भाषांतरकार दर आठवड्याला पत्रं वाचून इंग्रजीत सारांश करायचे. सोबतच्या याद्यांमध्ये पत्राचं नाव, गाव, खप, कधी संपादकाची जात आणि वयसुद्धा असतं. हे वाचून आपल्याला खजिना सापडल्यासारखं वाटतं. पण जरा थांबा. हा सारांश सरकारने सरकारसाठी केलेला आहे. सरकारवरची टीका त्यात येते. कापसाचा भाव, गावातलं नाटक, तुंबलेली गटारं, कुणाच्या मुंजीची बातमी हे सहसा वगळलं जातं. फक्त हे अहवाल वाचले तर वऱ्हाडचा संपादक रात्रंदिवस इंग्रजांशीच बोलत होता असं वाटेल. प्रत्यक्षात तो गावाशीही बोलत होता, आणि तेवढाच भाग गळून गेलाय. खपाच्या आकड्याचंही तेच. तो कुणी, कुणाला, कशासाठी सांगितला हे विचारल्याशिवाय तक्त्यात भरू नका.

कायद्याकडे पुन्हा एकदा बघा. १९१० च्या प्रेस कायद्याने नव्या पत्राकडून ५०० ते २००० रुपये अनामत मागता येत असे. मॅजिस्ट्रेटने मनात आणलं तर ती माफही व्हायची. हा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. यवतमाळच्या १९१८ च्या साप्ताहिकाची सुरुवात या चौकटीत ठेवली की त्यातली जोखीम कळते. पुढे १९३० च्या दशकात अकोल्याला ब्रिजलाल बियाणी यांचं 'मातृभूमि', अमरावतीला पंजाबराव देशमुख यांचं 'महाराष्ट्र केसरी' दिसतं. एक काँग्रेसचं राजकारण करणारा, दुसरा शेतकरी-बहुजनांच्या शिक्षणासाठी झटणारा. दोघांनाही स्वतःचं पत्र लागलं. का लागलं, आधीची पत्रं त्यांना का पुरली नाहीत, हा प्रश्न कुठल्याही सालापेक्षा मोठा आहे. माझ्या मते त्यावर एक स्वतंत्र प्रबंध होऊ शकतो.

पण त्यासाठी अंक हवेत. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर १३ नोव्हेंबर १९२७ ला डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. तिचा वृत्तांत आज आपण मुंबईच्या 'बहिष्कृत भारत'मध्ये सहज वाचू शकतो, कारण महाराष्ट्र शासनाने त्या पत्राचे अंक १९९० मध्ये पुन्हा छापले. असं भाग्य वऱ्हाडी साप्ताहिकांच्या वाट्याला फारसं आलं नाही. त्यामुळे अमरावतीच्या घटनेवर अमरावतीच्याच वाचकांनी त्या आठवड्यात काय वाचलं, हे सांगणं जास्त अवघड आहे.

आणि आता घाई करण्याचं एक कारण आहे. १८६७ चा तो कायदा दीडशेहून जास्त वर्षं टिकला. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला. नोंदणी ऑनलाइन झाली, जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे घोषणापत्र देणं संपलं. पत्र काढणाऱ्यांची सोय झाली, हे चांगलंच. पण ज्या कागदाचं रोजचं काम संपतं, त्याला कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये जागा किती दिवस मिळते हे आपल्याला ठाऊक आहे.

तेव्हा विषय घेणार असाल तर तीन कामं आधी करा. एक, एकच पत्र निवडा, दहा नको. दोन, जिल्हाधिकारी कार्यालयात घोषणापत्रांच्या जुन्या नोंदींसाठी विद्यापीठाच्या पत्रासह रीतसर अर्ज करा. तीन, गावातलं जुनं वाचनालय आणि जुन्या छापखानेवाल्यांची घरं गाठा. एक सुटा अंक मिळाला तरी चालेल. पहिल्या पानाचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही शेवटच्या पानाचाही काढा, आणि तळाची ओळ नीट वाचता येतेय ना ते तिथेच तपासा.