वॉशिंग मशीन : हुपरीतल्या घरासाठी निवड

कपडे भिजवणं, घुसळणं, खळबळून काढणं आणि पिळणं ही कामं विजेच्या मोटरीवर करणारं घरगुती यंत्र. अमेरिकेत 1937 साली बेंडिक्स कंपनीने ही सगळी कामं एकाच पिंपात आपोआप करणारं यंत्र आणलं. भारतातल्या मध्यमवर्गीय घरांत ते 1980 च्या दशकाच्या अखेरीस शिरलं, आणि त्याची घरोघर ओळख करून देण्यात औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचा वाटा मोठा होता. आज आयएफबीची यंत्रं गोव्यात वेर्णा इथे तयार होतात.

हुपरी हे कोल्हापूर जिल्ह्यातलं, हातकणंगले तालुक्यातलं चांदीच्या दागिन्यांचं गाव. पैंजण, जोडवी, करदोडे, घुंगरं इथून देशभर जातात. आटणी, तार ओढणं, डाग देणं, पॉलिश अशी कामं कारखान्यांत चालतात, तर जोडणी-गुंफणीचं बरंचसं काम घरोघरी बायका करतात. त्यामुळे इथल्या धुण्यात रोजच्या कपड्यांबरोबर काजळी, पॉलिशची घाण आणि तेजाबाचे शिंतोडे पडलेले कपडेही असतात. यंत्र निवडताना जाहिरातीतल्या सोयी मोजण्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात : पाणी कुठून आणि किती दाबाने येतं, घरात कारखान्याचे कपडे येतात का, आणि धुणं करतं कोण.

पाण्यापासून सुरुवात करावी. बाजारात मुख्य प्रकार तीन. दोन पिंपांचं सेमी ऑटोमॅटिक, वरून कपडे टाकायचं टॉप लोड आणि पुढून काचेच्या दाराचं फ्रंट लोड. सात किलोच्या टॉप लोडला एका धुण्याला शंभर लिटरच्या पुढे पाणी सहज लागतं; फ्रंट लोडचं काम साधारण त्याच्या निम्म्यात भागतं. एवढ्यावरून फ्रंट लोड सरस ठरतं, पण त्याची एक अट दुकानात क्वचितच कुणी सांगतं. बहुतेक मॉडेलना नळाच्या पाण्याचा दाब किमान 0.3 बार तरी लागतो, म्हणजे यंत्राच्या नळापासून टाकीतलं पाणी सुमारे तीन मीटर उंच हवं. एकमजली घराच्या स्लॅबवर नुसती टेकवलेली टाकी आणि खाली मोरीत यंत्र, अशी मांडणी असेल तर टाकी अर्धी झाली की दाब अपुरा पडतो. यंत्र पाण्याची वाट पाहत थांबतं आणि पडद्यावर बिघाडाची खूण येते. मेकॅनिक बोलावण्याआधी टाकीखाली लोखंडी चौकट देऊन ती उंच करावी.

नळाला रोज पाणी येत नसेल, साठवणीच्या पिंपावर आणि बादलीवर घर चालत असेल, तर सेमी ऑटोमॅटिक हाच शहाणपणाचा पर्याय. त्याला स्वस्तातली तडजोड समजणं चूक आहे. त्यात बादलीने पाणी ओतता येतं आणि साबणाचं तेच पाणी आधी पांढऱ्या, मग रंगीत आणि शेवटी मळकट कपड्यांना वापरता येतं. आपोआप चालणारं यंत्र प्रत्येक वेळी ते पाणी गटारात सोडून देतं.

बोअरच्या पाण्याचा प्रश्न वेगळा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे; दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतलं जातं. बाटलीत पाणी घेऊन साबणाचा चुरा टाकून हलवलं आणि फेसाऐवजी दह्यासारखा साका आला, तर पाणी जड आहे. अशा पाण्याने कपडे पांढुरके, कडक होतात आणि गरम पाण्याची सोय असलेल्या यंत्राच्या हीटरवर क्षारांचा थर चढतो. तिथे नदीचं नळपाणी धुण्याला आणि बोअरचं पाणी बाकीच्या वापराला, अशी वाटणी करणं बरं. ते जमत नसेल तर हीटर शक्यतो बंद ठेवावा आणि अधूनमधून लिंबूसत्त्व घालून यंत्र रिकामं चालवावं.

आता कारखान्याचे कपडे. तेजाबाचा थेंब सुती शर्टावर पडला की तिथला धागा कुजतो, पण भोक तेव्हाच दिसत नाही. पुढच्या धुण्यात घुसळलं गेलं की ते पडतं, आणि बोल लागतो नव्या यंत्राला. असे कपडे घरी येताच साध्या पाण्यातून काढावेत आणि वेगळे धुवावेत. कारखान्यातला केरही इथे फुकट जात नाही. तो धुऊन त्यातून चांदी काढली जाते. मग खिशात आणि दुमडलेल्या बाहीत राहिलेला किस यंत्रात का घालायचा? खिसे कारखान्यातच झटकून यावेत.

घुंगराचं तर विशेष. साडीच्या निरीत किंवा परकराच्या नेफ्यात अडकलेलं एखादं घुंगरू फ्रंट लोडमध्ये दाराच्या रबरी कडेत जाऊन बसतं, नाहीतर पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाच्या गाळणीत पोचतं. मग पंप घरघरतो, पाणी जात नाही. बहुतेक फ्रंट लोडमध्ये ही गाळणी पुढे खालच्या कोपऱ्यात असते आणि हाताने उघडते. गुंफणीचं काम होणाऱ्या घराने यंत्र घेताना ती जागा दुकानदाराला उघडून दाखवायला सांगावं.

मापाबद्दल थोडक्यात : किलोचा आकडा कोरड्या कपड्यांचा असतो. चौघांच्या घराला साडेसहा-सात किलो पुरतं, सहा-सात माणसांना आठ-नऊ लागतं. वाकळेसाठी मात्र मोठं यंत्र घेण्यात अर्थ नाही. घटस्थापनेच्या आधी घरातल्या साऱ्या वाकळा, चादरी धुऊन काढायच्या, ही या भागातली रीत आहे. जुन्या लुगड्यांचे थर शिवलेली वाकळ भिजली की दोघींनी मिळून पिळावी इतकी जड होते. ती पिंपात कोंबली तर एका बाजूला गोळा होते आणि पिळताना यंत्र हादरून थांबतं. तिला दगड आणि मोकळं पाणीच लागतं.

धुणं करतं कोण, हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि खरेदीच्या वेळी तोच विचारायचा राहतो. सेमी ऑटोमॅटिकमध्ये ओले कपडे एका पिंपातून दुसऱ्यात हातानेच टाकावे लागतात, त्यामुळे धुणं संपेपर्यंत जवळपास राहावं लागतं. घरातली बाई दिवसाकाठी पैंजणाची जोडणी करून मजुरी मिळवत असेल, तर तिचा तो तास म्हणजे बुडालेली मजुरी आहे. पाण्याची सोय असलेल्या अशा घराने थोडं कर्ज काढूनही पूर्ण ऑटोमॅटिक घ्यावं. यंत्र निवडायला दुकानात तिनेच जावं, कारण झाकण किती उंचीवर आहे, वाकावं किती लागतं हे तिच्याच कमरेला कळणार.

विजेची बाजू सोपी आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोने 2019 मध्ये वॉशिंग मशीनसाठीही ताऱ्यांचं लेबल सुरू केलं, ते पाहावं. पण खरा खर्च हीटरचा. दोन हजार वॅटचा हीटर तासभर चालला तर दोन युनिट जातात. त्याला 16 अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग हवं. ओल्या मोरीत अर्थिंगशिवाय यंत्र लावू नये. फ्रंट लोडचं पिंप वाहतुकीत हलू नये म्हणून मागे बसवलेले बोल्ट यंत्र सुरू करण्याआधी काढावे लागतात. पावडर कमी फेसाची, यंत्रासाठीची असावी. गाळणी महिन्यातून एकदा उघडावी. घुंगरांचं काम असलेल्या घरात दर आठवड्याला.