डिस्चार्जनंतर तिसऱ्या दिवशी येणारा फोन

आजचा भाग थोडा घरचा आहे.

मध्यंतरी माझ्या काकांना हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, चौथ्या दिवशी घरी. डिस्चार्ज कार्डवर गोळ्यांची अर्धं पान यादी आणि सगळ्यात खाली एक ओळ : धूम्रपान बंद. तीस वर्षांची सवय, आणि तिच्यासाठी दोन शब्द! तिसऱ्या आठवड्यात काका गच्चीवर सिगारेट ओढताना सापडले. घरात सगळे भडकले. मीपण. मग वाचायला बसलो, तर कळलं की या दोन शब्दांच्या पुढे काय करायचं, हे काही लोकांनी १९८०च्या दशकातच करून पाहिलं होतं.

ठिकाण कॅलिफोर्निया, स्टॅनफर्ड विद्यापीठाची टीम. अटॅक येईपर्यंत सिगारेट ओढणारे १७३ पेशंट, सगळे सत्तरीच्या आतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार. बाकीच्यांना तेच उपचार आणि सोबत एक नर्स. ती पेशंट हॉस्पिटलात असतानाच पलंगाजवळ बसायची. लेक्चर नाही. अमुक प्रसंगी सिगारेट टाळता येईल याची तुम्हाला किती खात्री वाटते, हे विचारायचं आणि जिथे खात्री कमी, तिथे काय करायचं ते आधीच ठरवायचं. याच्यामागे स्टॅनफर्डच्याच अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाचा विचार होता. माणूस घरी गेल्यावर मुख्यतः फोनवरून पाठपुरावा.

निकाल १९९० मध्ये छापून आला. वर्षभरानंतर नर्सवाल्या गटात ७१ टक्के लोक सिगारेटपासून लांब होते, दुसऱ्या गटात ४५. आणि हे नुसतं पेशंटच्या तोंडी शब्दावर नाही, तपासणी करून. मला तो ४५चा आकडाही महत्त्वाचा वाटतो. म्हणजे भीती बऱ्याच जणांची सिगारेट सोडवते. पण उरलेल्यांचं काय? भीती ओसरते, संध्याकाळचा चहा मात्र रोज येतो.

मग निकोटिन पॅच लावून मोकळं का होऊ नये? हृदयाच्या पेशंटला निकोटिन द्यायला डॉक्टर बिचकायचे. १९९६ मध्ये ५८४ हृदयरोग्यांवरचा अमेरिकन अभ्यास आला : पॅचमुळे हृदयाचा त्रास वाढला नाही. १४ आठवड्यांनी पॅचवाल्यांपैकी २१ टक्के सुटले होते, खोट्या पॅचवाल्यांपैकी ९. पण २४ आठवड्यांनी? १४ विरुद्ध ११. फरक जवळपास पुसला गेला.

आता खरी अडचण. एक उत्साही नर्स आहे तोवर सगळं चालतं, तिची बदली झाली की संपलं. कॅनडातल्या ओटावा हार्ट इन्स्टिट्यूटने २००२ पासून यावर जे केलं, ते पाहून माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. त्यांनी ते डिफॉल्टच करून टाकलं! दाखल होणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, फॉर्मवर नोंदवायचं, औषध द्यायचं. घरी गेल्यावर तिसऱ्या, चौदाव्या, तिसाव्या दिवशी कॉम्प्युटरचा फोन. पेशंटने 'जमत नाहीये' असं सांगितलं, की खरी नर्स फोन करणार.

पुढे ही पद्धत इतर हॉस्पिटलांत गेली. नऊ ठिकाणी मिळून सहा महिन्यांनी सुटलेल्यांचं प्रमाण १८.३ वरून २९.४ टक्क्यांवर गेलं. नंतर ऑन्टारिओतल्या १४ हॉस्पिटलांत दोन वर्षांतले मृत्यू मोजले : आधीच्या पेशंटांत १५.१ टक्के, या पद्धतीतल्यांत ७.९. ही आधी-नंतरची तुलना आहे, चिठ्ठ्या टाकून पाडलेले गट नाहीत, त्यामुळे सगळं श्रेय फोनला देऊ नका. तरी निम्मं म्हणजे काय गंमत नाही.

आपल्याकडेही क्विटलाइन आहे बरं का, १८००-११-२३५६, फुकट. काकांच्या कार्डवर तो नंबर छापायला जागा होती, मी पाहिलंय.

रविवारी मी त्यांना फोन केला. 'आज किती ओढल्या?' हे विचारलं नाही. म्हटलं, "काका, तुम्हाला तलफ नेमकी कधी येते?" थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "साडेपाचला रे. चहा झाला की."

आता रोज साडेपाचला मी स्टँडअप मीटिंगमधून पाच मिनिटं गायब असतो.