पत्र, आगबोट, विमान : परदेशस्थाच्या मताचा इतिहास

मराठीतील प्रवासवर्णनांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. एम.ए.च्या अभ्यासक्रमात हा वाङ्मयप्रकार असतो, त्यावर प्रबंध होतात, चर्चासत्रे होतात. परंतु परदेशी जाऊन परतलेला प्रवासी आणि परदेशी राहणारा रहिवासी यांच्या लेखनात जो मूलभूत फरक आहे, त्याकडे आपल्या समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. प्रवासी हा पाहुणा असतो. तो स्मारके पाहतो, संग्रहालये पाहतो, सूर्यास्त पाहतो. रहिवाशाला मात्र कोळसा विकत घ्यावा लागतो, घरभाडे द्यावे लागते, टपालाची वाट पाहावी लागते आणि आजारी पडल्यास कोणाच्या दारी जावे हे ठाऊक करून घ्यावे लागते. देशाशी त्याची गाठ पडते ती अशा रोजच्या सेवांच्या खिडकीवर. त्यामुळे त्याच्या लेखनात सौंदर्यदृष्टी कमी आणि तुलना अधिक असते. ही तुलना आपण 'वाङ्मयीन' मानत नाही, म्हणून ती वाचायची राहून जाते. माझ्या मते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी माणसाने नागरिकत्वाविषयी जो विचार केला, त्याचा मोठा भाग नेमका या तुलनेत आहे.

प्रारंभ टपालापासूनच करायला हवा. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र सर्वांना ठाऊक असते, कादंबरीमुळे आणि नाटकामुळे जरा जास्तच ठाऊक असते. पण गोपाळराव टपाल खात्यातील कारकून होते, या तपशिलाकडे आपण नुसती पार्श्वभूमी म्हणून पाहतो. वास्तविक या साऱ्या कथेचे चाक त्या खात्यावर फिरते. गोपाळरावांच्या बदल्या टपालखात्यामुळे झाल्या. त्या बदल्यांतून आनंदीबाईंना अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा मुलूख घडला. पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र अमेरिकेतील मिशनच्या मासिकात छापले गेले, ते न्यू जर्सीमधील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आले आणि त्यांनी स्वतःहून पत्र पाठवले. एका कारकुनाचे पत्र पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला अनोळखी वाचकापर्यंत पोहोचते आणि त्याचे उत्तर येते, ही त्या काळात कल्पनेबाहेरची गोष्ट उरली नव्हती. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाल्यापासून मुंबई आणि विलायत यांमधील डाक काही आठवड्यांवर आली होती.

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. म्हणजे जवळजवळ दोन महिने. पुढे फिलाडेल्फियाहून त्या पतीला जी पत्रे लिहीत, त्यांतील काही काशीबाई कानिटकरांच्या १९१२ सालच्या चरित्रामुळे आपल्यापर्यंत आली. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पत्र जायला महिनाभर तरी लागे, उत्तर यायला तितकाच काळ. गोपाळरावांचा रागीट मजकूर हाती पडे तेव्हा ज्या गोष्टीवर राग आला ती शिळी झालेली असे, आणि आनंदीबाईंचे समजावणीचे शब्द परत पोहोचेपर्यंत तिकडे दुसरेच काही मनात घर करून बसलेले असे. त्या पत्रव्यवहारातील वेदनेचा काही भाग दोघांच्या स्वभावाचा आहे, काही भाग आगबोटीच्या वेगाचा आहे. समीक्षक पहिल्याविषयी बोलतात. दुसऱ्याविषयी बोलले पाहिजे.

आता पंडिता रमाबाईंकडे वळतो, कारण या विषयातील मराठीतील सर्वांत भक्कम ग्रंथ त्यांचा आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी 'इंग्लंडचा प्रवास' हे त्यांचे पत्ररूप पुस्तक मुंबईत निघाले. १८८६ च्या आरंभी लिव्हरपूलहून निघून त्या फिलाडेल्फियाला पोहोचल्या. निमित्त आनंदीबाईंच्या ११ मार्चच्या पदवीदान समारंभाचे होते. थोड्या दिवसांची भेट म्हणून सुरू झालेले हे वास्तव्य १८८८ च्या अखेरपर्यंत लांबले. १८८९ च्या फेब्रुवारीत जपान, हाँगकाँगमार्गे त्या मुंबईस परतल्या आणि त्याच वर्षी 'युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडले.

शीर्षकातील क्रम पाहावा. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. समुद्रप्रवासाचे प्रकरण आहे, वाचनीयही आहे. पण बाईंचा जीव रमतो तो राज्यव्यवस्था, घरे आणि घरातील सोयी, शाळा, धर्मादाय संस्था आणि स्त्रियांची स्थिती यांवरील प्रकरणांत. शेवटच्या विषयावर तर त्यांची लेखणी थांबतच नाही. अमेरिकेविषयी लिहिताना त्यांच्यासमोर हॅरिएट मार्टिनो या इंग्रज लेखिकेचा १८३७ सालचा ग्रंथ होता, आणि अर्धशतकात तिथल्या स्त्रियांना किती नवे व्यवसाय खुले झाले, हे त्या त्याच्याशी ताडून दाखवतात. काळ्या लोकांना आणि मूळच्या इंडियन जमातींना मिळणारी वागणूकही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. तरीही एकंदर सूर कौतुकाचा आहे, काही ठिकाणी तो मला अंमळ जास्त गोड वाटतो. घटनादुरुस्तीने तिथल्या स्त्रियांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला तो १९२० साली. रमाबाई ज्यांची थोरवी गातात त्या स्त्रिया त्या वेळी बहुतेक ठिकाणी मतदार नव्हत्या.

परंतु कौतुकाचे हे राजकारण समजून घेतले पाहिजे. लेखिका ब्रिटिश साम्राज्याची प्रजा आहे. तीन वर्षे तिने इंग्लंडमध्ये काढली आहेत, तिथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला आहे आणि तिथल्या धर्माधिकाऱ्यांशी वादही घातला आहे. अशी स्त्री, ब्रिटनपासून फुटून निघालेल्या एका प्रजासत्ताकाचा कारभार १८८९ साली मराठी वाचकांपुढे मांडते. काँग्रेसची स्थापना होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. लोकांनी निवडलेली माणसे कारभार चालवतात आणि स्त्रिया संस्था काढून अर्ज, सभा, निधी यांच्या बळावर कायदे बदलायला लावतात, हे वाचताना मुंबईपुण्याच्या वाचकाला आपल्या नगरपालिकेची, आपल्या कलेक्टर कचेरीची आठवण झाल्यावाचून राहिली नसेल. आगगाडी, टपाल, इस्पितळ ही आपल्याकडेही होती. फरक होता तो त्यांचा जाब कोणाला विचारायचा यात.

याला जोडून दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, ती मला या सर्वांत महत्त्वाची वाटते. १८८७ मध्ये फिलाडेल्फियात रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. ते अमेरिकन वाचकांसाठी, भारताविषयी, निधी उभा करण्याच्या हेतूने. दोन वर्षांनी अमेरिकेविषयीचे पुस्तक मराठीत, मुंबईत. एका देशाची उणीव दुसऱ्या देशाला सांगणे आणि दुसऱ्याची सरशी पहिल्याला सांगणे, अशी ही दुहेरी वकिली आहे. यात खोटेपणाचा धोका असतो. परदेशस्थाला तो कायमच असतो. रमाबाई त्यातून सुटतात याचे कारण त्या परत आल्या. बॉस्टनमध्ये १८८७ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे आर्थिक साहाय्याचे वचन दिले होते, आणि मुंबईला उतरल्यावर सहा आठवड्यांच्या आत, ११ मार्च १८८९ रोजी, शारदासदन सुरू झाले. फिलाडेल्फियात त्यांनी बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले होते. ते इथे वापरायचे होते. जे तिकडे चांगले म्हणून लिहिले, ते इकडे करून दाखवण्याची पाळी लेखिकेवरच येणार होती. अशा मताचे वजन वेगळे असते. पुढे शारदासदनावर धर्मांतरावरून गदारोळ झाला, ती कथा स्वतंत्र आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी सावरकरांनी लंडनहून 'विहारी' आणि 'काळ' या पत्रांसाठी बातमीपत्रे धाडली. तिथे रोजच्या सेवा जवळजवळ नाहीत. केवळ चालू राजकारण आहे. पण तोही प्रकार विलायती डाकेवरच उभा होता. डाक ठरावीक दिवशी सुटणार, म्हणून मजकूर ठरावीक दिवशी पुरा झाला पाहिजे. बातमीपत्राचा ठेका डाकेच्या वेळापत्रकाचा ठेका आहे.

मग विमान आले, आणि तेही आधी पत्रे घेऊनच आले. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून पलीकडच्या नैनीला आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. अंतर दहाबारा किलोमीटरांचे. १९२९ च्या मार्चअखेर लंडन ते कराची ही हवाई सेवा सुरू झाली, ती सुमारे आठवड्याची. कराचीपुढची डाक जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला आणली. महिन्याचे अंतर आठवड्यावर आले. स्वातंत्र्यानंतर पातळ निळसर हवाई पत्रांची सवय घरोघरी झाली. त्या कागदाला तीन घड्या असत, आत काही घालायला मनाई असे आणि जागा संपली की मजकूर संपवावा लागे. कडेच्या रिकाम्या पट्टीवर आईने आडवे लिहिलेले दोन शब्द ज्यांनी वाचले आहेत, त्यांना या कागदाने मराठी पत्रलेखनाचे काय केले हे सांगायला नको. सविस्तर लोकस्थिती त्यात मावत नव्हती. खुशाली, पैसे, हवामान आणि एखादे मत एवढेच मावत होते.

माणसांची पाळी नंतर आली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान पस्तीस उतारूंना घेऊन कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९५३ साली ही सेवा सरकारी झाली (२०२२ साली ती पुन्हा टाटा समूहाकडे गेली). १९६० मध्ये बोइंग ७०७ न्यूयॉर्कला पोहोचले आणि १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली. डॉक्टर, अभियंते, संशोधक यांची जी मोठी मराठी पिढी तिकडे स्थिरावली, ती या दोन घटनांच्या संगमातून.

या पिढीने आपल्या नियतकालिकांना, दिवाळी अंकांना एक नवा लेख दिला. त्याला नाव नाही, पण आपण सर्वांनी तो वाचला आहे. लेखक तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येतो. सहार विमानतळावर मध्यरात्री उतरतो. सीमाशुल्काच्या रांगेत बॅगा उघडाव्या लागतात. घरी टेलिफोन बंद असतो, बँकेत तास जातो, रस्ता खोदलेला असतो. शेवटी देशाचे कसे होणार, असा एक परिच्छेद येतो. यातील तपशील खोटे नसत, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. टेलिफोनच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबलेल्या कुटुंबांना त्यात काही नवे वाटत नसे इतकेच. खरी गंमत सर्वनामांत आहे. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' यांत फरक आहे. 'आपण' ऐकणाऱ्याला सामावून घेते, 'आम्ही' वगळते. या लेखांत पहिल्या परिच्छेदात 'आपल्याकडे' असते, मधेच कुठेतरी 'तुमच्याकडे' होते आणि 'इकडे' या शब्दाचा अर्थ पान उलटताना बदलतो. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एखादा दिवाळी अंक घेऊन हे मोजून पाहावे.

आगबोटीच्या काळात जाणारा दोन महिने प्रवास करी आणि त्या दोन महिन्यांत त्याचे 'इकडे' हळूहळू 'तिकडे' होई. विमानाने ही मधली वेळ काढून घेतली. रात्री जेवून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या व्यवस्थेत उभा राहतो, त्यामुळे फरक त्याला धक्क्यासारखा बसतो. तुलना करून तो तीन आठवड्यांनी निघूनही जातो. शारदासदन उघडायला कोणी थांबत नाही, आणि तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल. नोकरी तिकडे, मुलांच्या शाळा तिकडे.

मात्र 'परदेशस्थ मराठी माणूस' म्हणताना आपण अटलांटिकपलीकडेच का पाहतो, हा प्रश्न उरतो. रत्नागिरी, रायगडच्या गावांतून आखातात गेलेली माणसे हीदेखील त्याच विमानांतून गेली. त्यांच्यासाठी सेवा म्हणजे दलाल, वैद्यकीय तपासणी आणि १९८३ च्या कायद्यानुसार कमी शिकलेल्याच्या पासपोर्टमागे लागणारी परवानगी. मालक पासपोर्ट ताब्यात ठेवी, त्यामुळे सुट्टी मिळाली तरी विमान गाठता येईलच असे नसे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले तेव्हा तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अडकले. त्यांतील बहुतेक जण वाळवंट ओलांडून जॉर्डनमध्ये अम्मानला आले आणि तिथून सरकारी विमानांनी लाखाहून अधिक माणसांना दोन महिन्यांत मुंबईला आणले. ज्या विमानसेवेच्या गलथानपणावर सुट्टीतले लेख लिहिले जात, तीच ही सेवा. या दुसऱ्या बाजूचा मराठी ललित गद्यात जवळजवळ मागमूस नाही, कारण तंबूत रात्री काढणारे लिहीत नव्हते आणि लिहिणारे तंबूत नव्हते.

चालू घडामोडींवर मत देण्याचा परदेशस्थाला अधिकार काय, हा वाद आपल्याकडे जुना आहे. कायद्याने त्याचे अर्धे उत्तर दिले. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने भारतीय पासपोर्ट राखून परदेशी राहणाऱ्या नागरिकाला मतदारयादीत नाव घालता येऊ लागले, परंतु मत द्यायचे तर मूळ पासपोर्ट घेऊन आपल्या गावच्या केंद्रावर स्वतः हजर राहिले पाहिजे. बदली व्यक्तीकरवी मत देऊ देणारे विधेयक लोकसभेने २०१८ साली संमत केले, राज्यसभेत ते मंजूर झाले नाही आणि लोकसभेची मुदत संपल्यावर रद्द झाले. २०२४ च्या निवडणुकीतही अट तीच होती. म्हणजे दापोलीच्या मतदाराला दुबईहून मत द्यायचे तर आधी मालकाची रजा, मग परतीचे तिकीट, मग मुंबईहून रात्रीची एस.टी., आणि सकाळी शाळेच्या पडवीतली रांग.