विहिरीचे कवच

विहिरीची थोरवी सांगताना लोक बहुधा ती किती खोल गेली एवढेच सांगतात. आमच्या मते खरा प्रश्न निराळा आहे. खणलेले भोक उभे कसे राहिले? आपल्याकडील जुन्या विहिरी पाहाव्यात. माती-मुरुमाच्या थरापुरते दगडी बांधकाम असते आणि कातळ लागला की ते थांबते. माती ढासळते, कातळ स्वतःच भिंत होतो. तेलविहिरीचे शास्त्र या साध्या अनुभवाचाच विस्तार होय.

1859 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक तेलासाठी जमीन विंधीत होता. वरची वाळू-माती ढासळे, भोकात पाणी भरे. तेव्हा त्याने लोखंडी नळ ठोकीत 32 फुटांवरील खडकापर्यंत नेला व त्याच्या आतून पुढे विंधण केले. ऑगस्टमध्ये सुमारे 69 फुटांवर तेल लागले. जग ते तेल लक्षात ठेवते, नळ विसरते.

नळाने माती अडली, तरी नळ आणि खडक यांमधील फटीतून पाणी व वायू वाट काढीतच. ती फट बुजविण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात सिमेंटचा उपयोग होऊ लागला. आजची रीतही मूलतः तीच. भोक पाडून त्यात पोलादी नळ, म्हणजे केसिंग, उतरवावयाचे. त्याच्या आतून पातळ सिमेंट दाबून खालच्या तोंडाने बाहेर काढावयाचे व फटीत वर चढवावयाचे. ते घट्ट झाले की आतून लहान व्यासाचे भोक आणखी खाली न्यावयाचे. असे दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकात एक नळ बसतात. शेवटी तेलाच्या थरासमोर नळाला स्फोटकांनी छिद्रे पाडतात आणि तेल आत येते.

आपल्या किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, मुंबई हाय येथे, 'सागर सम्राट' या विंधन-रिगने फेब्रुवारी 1974 मध्ये तेल शोधले. 1976 साली उत्पादन सुरू झाले. समुद्रातील विहिरीला हे कवच अधिकच हवे, कारण वर खारे पाणी आणि खाली वायूचा दाब. कवचात उणीव राहिली तर काय होते, हे 20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात दिसले. तळाच्या सिमेंटने वायू रोखला नाही. स्फोटात 11 माणसे मेली आणि समुद्रात महिनोन्‌महिने तेल वाहत राहिले.

विठ्ठलवाडीकरांना हे दूरचे वाटू नये. येथे बोअर पाडताना वरच्या मातीत केसिंग घालतात. ते कातळात घट्ट बसले नाही, तर गटाराचे आणि वालधुनीचे घाण पाणी मुरून त्याच बोअरमध्ये उतरू शकते. पैसे वाचविण्यासाठी केसिंगचे दोन-चार फूट कमी करणे म्हणजे घराचा पाया कापून छप्पर सजविणे होय. बोअर किती फूट गेली हे आपण सारेच विचारतो. केसिंग कोठवर गेले आणि कातळात नीट बसले काय, हेही विचारावयास शिकले पाहिजे.