गाणे गाजले, पण नाव कोणाचे छापले?

7 मार्च 2021 रोजी 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणे आले आणि भाषा न कळणारेही त्यावर नाचले. रॅप आणि ओप्पारीचा तो मेळ. ओप्पारी म्हणजे मयताच्या दारी गायचे शोकगीत. ते पिढ्यानपिढ्या जपले प्रामुख्याने दलित बायांनी. नाचणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक होते?

गाणे लिहिणारा रॅपर अरिवू हा पा. रंजीत यांच्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'मधून पुढे आला. हे नाव फॅशन म्हणून घेतलेले नाही. 1898 साली बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्या पंडित अयोथी दास यांच्या 'जातिभेद नसलेले तमिळ' या विचारातून ते आले आहे.

आणि गाण्याच्या मुळाशी आहे अरिवूची आजी वल्लीअम्माळ, आणि तिच्यासारखी सिलोनच्या चहामळ्यांत राबलेली भूमिहीन माणसे. 1948 च्या कायद्याने त्यांतल्या बहुसंख्यांना नागरिकत्व नाकारले. 1964 च्या सिरिमावो-शास्त्री करारात हिशेब झाला : 5,25,000 भारताने घ्यायचे, 3,00,000 श्रीलंकेने ठेवायचे, उरलेल्या दीड लाखांचे पुढे बघू. जणू चहाच्या पेट्याच! ज्यांनी मळे उभे केले त्यांच्या नावावर जमीन तिथेही नव्हती, इथेही नव्हती.

आता प्रसिद्धीकडे या. ऑगस्ट 2021 मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर या गाण्याची गायिका धी झळकली, अरिवू नाही. रंजीत यांनी जाहीर जाब विचारला, तेव्हा त्याचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ निघाले. जुलै 2022 मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये गाणे पुन्हा त्याच्याविना झाले. तो अमेरिकेत होता, असे सांगण्यात आले. शब्द आणि चाल आपली, असे अरिवू म्हणाला; चाल सगळ्यांनी मिळून बांधली, असे संगीतकार संतोष नारायणन म्हणाले. तो वाद त्यांचा त्यांनी सोडवावा. 2024 मध्ये तर नारायणन यांनीच सांगितले की, या गाण्याचा एक पैसाही कोणाला मिळाला नाही. पण मुखपृष्ठाचा प्रश्न चालीचा नव्हता. बाजाराला आमचे दुःख 'अस्सल' म्हणून हवे असते, दुःखाचा धनी मात्र फोटोत नको असतो. हे आम्ही ठामपणे म्हणतो.

आमच्या वामनदादा कर्डकांनी कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा घातली. गाणे कुठल्याही गावी, कोणाच्याही तोंडी जावो, नाव सोबत जाई. रॅपमध्येही ही रीत आहेच. अरिवूने गाण्यात आपली ओळख दिली आहे ती वल्लीअम्माचा नातू म्हणून. मुखपृष्ठ छापणाऱ्यांनी गाणे नीट ऐकले असते, तर सापडली असती.