फाइल प्रणालीची दुरुस्ती
हार्ड डिस्कवरील माहितीच्या सूचीत निर्माण झालेली विसंगती दूर करण्याच्या क्रियेस फाइल प्रणालीची दुरुस्ती म्हणतात. डिस्कवर प्रत्येक फाइल लहान खंडांत साठविली जाते व कोणता खंड कोणत्या फाइलचा, याची सूची फाइल प्रणाली ठेवते. फाइल लिहिली जात असता वीज खंडित झाल्यास खंड व सूची यांचा मेळ राहत नाही.

आयबीएम कंपनीने हार्ड डिस्क १९५६ मध्ये प्रचारात आणली. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात बेल प्रयोगशाळेत टी. जे. कोवाल्स्की यांनी युनिक्ससाठी ‘एफएससीके’ ही आज्ञावली रचली. ती खंड, निर्देशिका व संदर्भसंख्या टप्प्याटप्प्याने ताडून पाहते आणि बेवारस फाइली वेगळ्या निर्देशिकेत ठेवते. वैयक्तिक संगणकांत १९८३ च्या पीसी एक्सटीपासून १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. डॉस प्रणालीतील तपासणीचे काम ‘चेकडिस्क’ व १९९३ पासून ‘स्कॅनडिस्क’ या आज्ञावल्या करीत.

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या स्थापनेनंतर (२००१) एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाद्वारे संगणकशिक्षण तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. धाराशिव (२०२३ पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यासह राज्याच्या ग्रामीण भागात २००५ च्या सुमारास विजेचे भारनियमन तीव्र होते. अशा भागात इन्व्हर्टर नसलेल्या घरातील संगणक अचानक बंद पडणे व पुन्हा सुरू होताच डिस्कची तपासणी सुरू होणे संभवनीय होते.

दुरुस्तीने सूची सुसंगत होते. हरवलेला मजकूर परत येईलच असे नाही. एकच खंड दोन फाइलींच्या नावे आढळल्यास त्यांपैकी एक तरी सदोष असते. शिवाय दुरुस्तीत सूचीच बदलली जात असल्याने, एरवी हाती लागू शकणारी माहितीही नष्ट होण्याचा संभव असतो. घरातील छायाचित्रे वा हिशेब यांची दुसरी प्रत नसेल, तर ही हानी कायमची ठरते. म्हणून प्रथम संपूर्ण डिस्कची प्रत घेऊन त्या प्रतीवर दुरुस्ती करणे श्रेयस्कर होय. डिस्कमध्ये यांत्रिक दोष असल्यास वारंवार तपासणीने तो वाढतो.

यावरील उपाय हिशेबाच्या जुन्या पद्धतीशी मिळताजुळता आहे. व्यापारी व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहून मग खतावणीत चढवितो. त्याचप्रमाणे एनटीएफएस (१९९३) प्रणालीत सूचीतील बदल आधी नोंदवहीत लिहिला जातो. वीज गेल्यास नोंद पाहून तो पूर्ण किंवा रद्द केला जातो. विंडोज एक्सपीमुळे (२००१) ही प्रणाली घरगुती संगणकांत रूढ झाली. त्याच वर्षी लिनक्समध्ये ईएक्सटी३ समाविष्ट झाली. अशा नोंदवहीने मुख्यतः सूचीचे रक्षण होते. मजकुराच्या रक्षणासाठी स्वतंत्र डिस्कवरील प्रत आवश्यकच असते.