तारेचा ठोका आणि मोबाईलचा टॉवर : वेळ मोजून जागा शोधण्याचा इतिहास

व्याख्यानाच्या सुरुवातीला मोबाईल बंद करा असं सांगायची पद्धत आहे. मी आज तसं सांगणार नाही. आवाज तेवढा बंद ठेवा, फोन चालू राहू द्या. आजचा विषय त्या फोनचाच आहे.

ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, आपण खाप्यात आहोत. नागपूर जिल्हा, सावनेर तालुका, कन्हान नदीच्या काठचं गाव. अक्षांश साधारण २१ अंश २५ मिनिटं, रेखांश जवळजवळ ७९ अंश. हे आकडे आज फोनवर बोट ठेवलं की दिसतात. पण 'मी कुठे आहे' या प्रश्नाचं उत्तर घड्याळातून काढायला माणूस कसा शिकला, ती गोष्ट मोठी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या विदर्भातून जातो.

ही गोष्ट आज का सांगायची? वर्तमानपत्रात आपण वाचतो, 'मोबाईलचं लोकेशन अमुक गावात आढळलं.' या एका वाक्यावर कुणाचा जीव वाचतो, तर कुणावर संशय येतो. मग त्या वाक्यात किती दम आहे, हे आपल्याला कळायला नको का?

सुरुवात हिंगणघाटपासून करू. विल्यम लँबटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ एक पायारेषा मोजली आणि त्रिकोणांवर त्रिकोण रचत तो उत्तरेकडे सरकत राहिला. हीच पुढे 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे' म्हणून ओळखली गेलेली मोजणी. वीस वर्षं हे काम करून २० जानेवारी १८२३ रोजी, नागपूरकडे येत असताना, हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथे आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतलं. नागपुरातला झीरो माइलचा खांब आपण येता-जाता बघतो, तोही याच सर्वेक्षणाच्या परंपरेतला.

लँबटनची पद्धत कोनांची होती. वेळेचा प्रश्न आला रेखांशामुळे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. म्हणून पूर्वेकडच्या गावात दुपार आधी होते. खाप्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा मुंबईत तो यायला अजून साधारण २५ मिनिटं असतात. दोन गावांच्या स्थानिक वेळेतला फरक अचूक कळला, की त्यांच्या रेखांशातला फरक कळला. पण एकाच क्षणी दोन्हीकडची घड्याळं बघायची कशी? घड्याळ बैलगाडीत घालून नेलं तर वाटेतल्या धक्क्यांनी ते बिघडणार.

तारायंत्र आलं आणि वाट सापडली. १८७० च्या दशकात सर्व्हे ऑफ इंडियाने तारेच्या साहाय्याने रेखांश मोजायला घेतले. कॅम्पबेल आणि हेविसाइड हे दोन अधिकारी या कामातले मुख्य निरीक्षक. दोघं दोन गावी बसत, ताऱ्यांवरून आपापलं घड्याळ लावत आणि मग तारेवरून एकमेकांना ठोके पाठवत. इथे चूक परवडत नसे. आपल्या अक्षांशावर एका सेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे ४३० मीटरची चूक.

पण एक अडचण होती. ठोका तारेतून जायलाही वेळ लागतो. थोडाच, पण लागतो. आता त्यांची युक्ती ऐका, आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे. समजा मुंबईहून ठोका मद्रासला गेला. मद्रासच्या घड्याळाची वेळ वजा मुंबईच्या घड्याळाची वेळ केली, तर काय हाती येतं? दोन गावांतला खरा फरक, अधिक वाटेतला उशीर. आता उलट ठोका पाठवा, मद्रासहून मुंबईला. तीच वजाबाकी केली, की येतो खरा फरक, वजा वाटेतला उशीर. दोन्हींची सरासरी काढा, उशीर उडून जातो. दोन्हींतल्या तफावतीचं अर्धं करा, नुसता उशीर हाती येतो. कागदावर करून बघा, पाचवीतला मुलगाही करेल. अट एकच : जाताना आणि येताना लागणारा वेळ सारखा हवा.

सर्वेक्षकांना पहिली संख्या हवी होती, घड्याळांतला फरक. वाटेतला उशीर ही त्यांच्या दृष्टीने कटकट. शंभर वर्षांनी मोबाईलवाल्यांनी हेच गणित उलटं वापरलं. त्यांना उशीर हवा होता, कारण उशीर म्हणजेच अंतर.

मधला एक टप्पा सांगतो. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या तोफा दिसत नसत, ऐकू येत. लॉरेन्स ब्रॅग या तरुण शास्त्रज्ञाकडे काम आलं : आवाजावरून तोफ शोधा. तोफ नेमकी कधी उडाली ते ठाऊक नाही. मग ओळीने मायक्रोफोन ठेवायचे आणि आवाज कुठे आधी पोचला, कुठे किती नंतर, एवढाच फरक मोजायचा. प्रत्येक जोडीवरून नकाशावर एक वक्र रेषा मिळते, आणि या रेषा एकमेकींना छेदतात तिथे तोफ. दुसऱ्या महायुद्धात हाच विचार रेडिओला लावून ब्रिटिशांनी 'जी' आणि अमेरिकनांनी 'लोरान' ही यंत्रणा उभी केली. आपल्या पश्चिम किनाऱ्यासाठीही लोरानची साखळी होती. नाव 'मुंबई साखळी', पण केंद्रं गुजरातेत : ध्रांगध्रा, वेरावळ आणि बिलीमोरा.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. वीज चमकल्यावर आकडे मोजून ती किती लांब पडली याचा अंदाज आपण लहानपणी करायचो ना, तेच हे. रेडिओ लहरी मात्र एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जातात. म्हणजे घड्याळही तितकंच बारीक हवं.

आता मोबाईल. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना फोन केला, तो भारतातला पहिला मोबाईल कॉल मानला जातो. त्यानंतर आपल्याकडे जीएसएम पसरलं. या पद्धतीत एकाच लहरीवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात. लांबच्या फोनचा आवाज उशिरा पोचला तर तो दुसऱ्याच्या पाळीत घुसेल. म्हणून टॉवर प्रत्येक फोनचा उशीर मोजतो आणि सांगतो, 'तू इतक्या पायऱ्या आधी बोल.' ही आज्ञा शून्य ते ६३ पायऱ्यांची. एक पायरी ३.६९ मायक्रोसेकंदांची. त्यात जाणं-येणं दोन्ही धरलेलं आहे, म्हणून अंतर निघतं सुमारे ५५० मीटर. तिरसठ पायऱ्या म्हणजे ३५ किलोमीटर.

लक्षात घ्या, ही सोय कुणाला शोधण्यासाठी केलेली नव्हती. बोलण्याची गर्दी आवरण्यासाठी होती. शोध घेण्याचं काम तिच्यावर नंतर आलं. अमेरिकेत १९९६ साली नियम झाला, की ९११ वर मोबाईलवरून फोन आला तर माणूस कुठे आहे ते कंपनीने कळवावं. तेव्हापासून या कामाला वेग आला.

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. शहरात टॉवर दाट असतात, तीन-चार टॉवरांची मोजणी जुळवता येते. खेड्यात, शेताशिवारात, बऱ्याचदा फोनला एकच टॉवर धड ऐकू येतो. एका टॉवरवरून ठिपका मिळत नाही, मिळते बांगडी. समजा फोन टॉवरपासून १० किलोमीटरवर आहे आणि टॉवरची ती बाजू १२० अंशांची आहे. मग फोन कुठेतरी आहे अशा एका पट्ट्यात, ज्याची लांबी सुमारे २१ किलोमीटर आणि रुंदी अर्ध्या किलोमीटरहून जरा जास्त. क्षेत्रफळ अकरा-साडेअकरा चौरस किलोमीटर! त्यात किती गावं, किती वावरं येतील, तुम्हीच सांगा.

त्यात आणखी एक गोष्ट. लहर नेहमी सरळ येत नाही. नदीचा उंच काठ, इमारत, टेकडी यांवर आपटून येते. वाट लांबते, उशीर वाढतो, आणि यंत्र म्हणतं फोन लांब आहे. विहिरीत हाक मारली की आपली हाक कुठली आणि प्रतिध्वनी कुठला, ते ओळखावं लागतं, तसं हे. म्हणून अभियंते सर्वांत मोठ्या आवाजाकडे न बघता सर्वांत आधी आलेल्या आवाजाकडे बघतात. पण तो पहिला आवाज अनेकदा क्षीण असतो, गोंगाटात बुडालेला असतो. म्हणूनच 'वेळ मोजली' म्हणण्यापेक्षा 'वेळेचा अंदाज केला' म्हणणं जास्त प्रामाणिक आहे.

पायऱ्या पुढे बारीक होत गेल्या. चौथ्या पिढीत ५५० मीटरची पायरी ७८ मीटरवर आली. पाचव्या पिढीच्या नियमांत, २०२० च्या सुमारास, एक पद्धत आली : फोन आणि अनेक टॉवर एकमेकांना संकेत पाठवतात, दोन्ही बाजू आपापली वेळ नोंदवतात, आणि घड्याळांतला फरक आपोआप उडून जातो. ओळखीचं वाटतंय ना? कॅम्पबेल आणि हेविसाइड यांचे ठोकेच हे. फक्त त्यांनी जे ठेवलं ते इथे टाकलं जातं, आणि त्यांनी जे टाकलं ते इथे ठेवलं जातं.

आणि घड्याळाचं महत्त्व अजून संपलेलं नाही. आपल्या नाविक उपग्रहमालेतला पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला सोडला. पुढे त्याची अणुघड्याळं बंद पडली, आणि उपग्रह आकाशात असूनही जागा सांगायच्या कामाचा राहिला नाही. भारतात बनवलेलं अणुघड्याळ घेऊन त्या मालेतला नवा उपग्रह २९ मे २०२३ ला वर गेला.

शेवटी एवढंच. पुढच्या वेळी 'लोकेशन मिळालं' असं ऐकलंत, तर दोन प्रश्न विचारा : किती टॉवरांवरून? आणि किती मीटर इकडे-तिकडे? हरवलेल्या माणसाला शोधणाऱ्यांना हे ठाऊक असेल, तर ते एका ठिपक्यापाशी थांबणार नाहीत, अख्खा पट्टा धुंडाळतील. आणि ज्याच्यावर संशय आहे, त्याच्यावर त्या पट्ट्यातल्या इतर हजारो माणसांपेक्षा जास्त बोट दाखवायला आणखी पुरावा लागेल. जुन्या सर्वेक्षकांनी आपल्या आकड्यांतली चूकही मोजून, लिहून ठेवली होती. ती सवय आपणही लावून घेऊ या.

आता प्रश्न विचारा.